गोष्ट पुढे कोण नेतं, ते आधी बघा

केळापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या बाईंचा प्रश्न आहे. तिसरी-चौथीचा जोडवर्ग. वर्गात कोलाम पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची मुलं, गोंड, शेजारच्या तांड्यावरची बंजारा, बौद्ध, दोन मुस्लिम घरची, बाकी कुणबी आणि तेली. वाचनकोपऱ्यासाठी थोडे पैसे मिळाले आहेत. त्या विचारतात: शाळेतल्या पुस्तकांत माझ्या वर्गातली निम्मी पोरं कुठेच दिसत नाहीत. 'आदिवासी कथा' म्हणून आणलेली पुस्तकं ती हातातही घेत नाहीत. मग घेऊ काय? आणि मी स्वतः कुणब्याच्या घरची, तर कोलामांच्या पोरांवर मी लिहिणं बरोबर आहे का?

ताई, दोन्ही प्रश्नांचं उत्तर देते, पण सुरुवात यादीपासून करत नाही. चोवीस वर्षं मी यवतमाळ, गडचिरोली आणि मेळघाटातल्या शाळांत पुस्तकांच्या पेट्या फिरवते आहे. पहिली काही वर्षं मीही याद्याच करत होते. कव्हरवर 'आदिवासी' शब्द दिसला की पुस्तक पेटीत टाकायचं, आणि मुलांनी ते उघडलं नाही की मुलांनाच वाचनाची गोडी नाही असं समजायचं. गोडी होती. पुस्तकं चुकीची होती.

एकदा एका शाळेत पाचवीच्या मुलांना गोष्ट लिहायला सांगितली. मनातलं काहीही लिहा, म्हटलं. वर्गात मडावी, आत्राम, टेकाम, राठोड, मेश्राम. कागद गोळा केले तर सगळ्या गोष्टींत राजू, सोनू, चिंटू आणि पिंकी. राजू बागेत गेला. राजू घसरगुंडीवर खेळला. राजूच्या आईने त्याला बेसनाचा लाडू दिला. त्या गावात बाग नव्हती आणि घसरगुंडीही नव्हती. गावाबाहेर नाला होता, आणि दगडाखाली हात घालून खेकडा धरण्यात ही पोरं एकदम तरबेज. एकाही कागदावर खेकडा नव्हता. मी एका मुलीला विचारलं, "अगं, खेकड्याचं का नाही लिहिलं?" ती म्हणाली, "ते गोष्टीत नसते ना, मॅडम."

गोष्टीत काय असतं आणि काय नसतं, हे तिला कोणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. पाच वर्षांत हाताखालून गेलेल्या पुस्तकांनी ते शिकवलं. चित्र काढायला सांगितलं तरी तसंच. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वाहती नदी आणि काठावर नारळाचं झाड. शाळेच्या आवारात पळस उभा, बांधावर मोह, मागे सागाचं रान, आणि कागदावर नारळ! हे फक्त आदिवासी मुलांचं नाही, आपल्या सगळ्याच पोरांचं आहे. पुस्तकातली सुट्टी कोकणात जाते, पुस्तकातल्या आजीचा वाडा असतो. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवून घरोघरी फिरणारं पोर मराठी पुस्तकात शोधून बघा, म्हणजे समजेल. त्यातही ज्याची बोली वेगळी, वस्ती गावाबाहेर, त्याचं पुसलं जाणं दुप्पट.

म्हणून पहिलं काम हे करा. कपाटातली सगळी पुस्तकं खाली ताटपट्टीवर काढा आणि मुलांनाच सोबत घेऊन ढीग लावा. माणसंच नाहीत, फक्त ससे-कासवं आहेत, ती बाजूला. ज्यांत माणसं आहेत त्यांत बघा की तुमच्या वर्गातल्यांसारखं कोणी आहे का. असेल तर लगेच खूश होऊ नका. पुढचा प्रश्न विचारा: गोष्ट पुढे कोण नेतं? प्रश्न कोणाला पडतो, चूक कोण करतं, चूक कोण सुधारतं, रागावतं कोण, ठरवतं कोण? ज्याला गोष्टीत राग येऊ शकतो आणि ज्याच्या ठरवण्याने गोष्टीला वळण लागतं, ते पात्र खरं. बाकी सगळे गर्दीत उभे केलेले. या चाळणीतून शेवटी जो ढीग राहतो तो बहुतेक शाळांत एका हाताच्या बोटांवर मोजता येतो.

मोजण्याची ही रीत माझी नाही. अमेरिकेत नॅन्सी लॅरिक या बाईंनी 1965 साली एक लेख लिहिला. एका बालवाडीतल्या पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने विचारलं होतं की पुस्तकातली मुलं नेहमी गोरीच का असतात. लॅरिक बाईंनी 1962 ते 1964 या तीन वर्षांत निघालेल्या पाच हजारांवर बालपुस्तकांचा हिशेब काढला. एक तरी कृष्णवर्णीय माणूस असलेली पुस्तकं निघाली 6.7 टक्के, आणि त्यांतलीही जवळपास 60 टक्के परदेशात किंवा जुन्या काळात घडणारी. म्हणजे त्या मुलीच्या गल्लीत, तिच्या आजच्या दिवसात घडणारं जवळजवळ काहीच नाही. आपल्याकडची 'फार फार वर्षांपूर्वी घनदाट जंगलात' ही सुरुवात आठवा. पोडावरचं पोर मोबाइलवर क्रिकेट बघतं, आधार कार्डासाठी बापासोबत तालुक्याला जाऊन रांगेत उभं राहतं, आणि पुस्तकातला आदिवासी अजून धनुष्यबाण घेऊन फिरतोय.

पुढे 1985 पासून विस्कॉन्सिन विद्यापीठातलं बालपुस्तकांचं केंद्र दरवर्षी मोजायला लागलं. पहिल्या वर्षी सुमारे 2,500 पुस्तकांत कृष्णवर्णीय लेखक किंवा चित्रकारांची पुस्तकं होती फक्त 18. इंग्लंडात 2017 सालच्या पुस्तकांची मोजणी झाली तेव्हा गोरे नसलेले पात्र कुठेतरी आहे अशी पुस्तकं 4 टक्के निघाली, आणि असं पात्र मुख्य आहे अशी 1 टक्का. हे चार आणि एक मी शिक्षकांच्या बैठकीत नेहमी फळ्यावर लिहिते. चित्रात उभं राहायला जागा मिळणं वेगळं, गोष्ट चालवायला मिळणं वेगळं. रुडीन सिम्स बिशप या अभ्यासक बाईंनी 1990 मध्ये याला आरसा आणि खिडकी म्हटलं. मुलाला पुस्तकात स्वतःचा चेहरा दिसावा आणि दुसऱ्याचं घरही दिसावं. तुमच्या वर्गातल्या कुणब्याच्या पोराला खिडकीची तेवढीच गरज आहे, ताई. तो रोज कोलामाच्या पोराशेजारी बसतो, पण त्याच्या पोडावर कधी गेलेला नसतो.

आता 'आदिवासी कथा' मुलं का टाळतात ते. त्या पुस्तकांत ठरावीक साचे असतात. एक साचा सणाच्या पाहुण्यांचा. आदिवासी आले की ढोल, नाच, पिसांचा मुकुट. मुस्लिम आला की ईद आणि शीरखुर्मा. बंजारा आली की आरशाची फडकी आणि होळी. सण संपला की पात्र गोष्टीतून गेलं. दुसरा साचा बिचाऱ्यांचा: फाटका सदरा, उपाशी पोट, आणि शेवटी कोणीतरी दिलेली वही. तिसरा साचा मला सगळ्यांत जास्त खटकतो. शहरातून सर येतात. मुलं अंघोळ करत नसतात, सर त्यांना साबण देतात. मुलं पळून जातात, सर गोळ्या देऊन जमा करतात. शेवटी मुलं वाचायला लागतात आणि सरांचे डोळे भरून येतात. ती गोष्ट सरांची आहे. त्यात मुलं म्हणजे सामान. ज्या मुलीला पाच वर्षांची असल्यापासून धाकट्या भावाला कडेवर घेऊन पाणी भरता येतं, पंधरा झाडांची नावं तीन भाषांत सांगता येतात, तिला त्या पुस्तकात काय दिसणार? साबण.

एक गोष्ट माझ्या हातून घडलेली आहे, ती सांगते. चौथीच्या वर्गात मी कबुतरांची गोष्ट वाचून दाखवत होते. जाळं घेऊन एकजुटीने उडून जाणारी कबुतरं, सगळ्यांना पाठ असलेली. माझ्या पुस्तकात छापलं होतं, 'एका दुष्ट पारध्याने जाळे टाकले.' मी वाचलं आणि पुढे गेले. दुसऱ्या वाक्याला जाणवलं की वर्ग माझ्याकडे बघत नाही, खिडकीजवळ बसलेल्या एका पोराकडे बघतोय. तो बेड्यावरून, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरून यायचा, वर्गातला एकटा फासेपारधी. त्याने मान खाली घातली नाही की तोंड वळवलं नाही. तो पाटीच्या लाकडी कडेत साचलेली माती नखाने काढत होता. चारही कडा पूर्ण साफ होईपर्यंत काढत राहिला. मी गोष्ट शेवटपर्यंत वाचली. तिथेच थांबायला हवं होतं. मधल्या सुट्टीत एकाने त्याला "ए जाळंवाल्या" म्हणून हाक मारली, तीही मी ऐकली.

आपल्या भाषेत शिकाऱ्याला पारधी म्हणतात आणि एका जमातीचं नावही तेच आहे. इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठे जाते ते आपल्याला माहीत आहे. अशा पोरासमोर 'दुष्ट पारधी' वाचणं म्हणजे सबंध वर्गाच्या हातात दगड देणं. त्या दिवसानंतर माझ्या सगळ्या पेट्यांतल्या त्या पुस्तकांत मी पेनाने 'शिकारी' केलं. छापलेल्या पुस्तकात खाडाखोड करणं कोणाला पटत नसेल तर वाचताना शब्द बदला. सहावी-सातवीच्या मुलांसमोर मात्र बदलू नका. तिथे त्या शब्दावर थांबा आणि बोला की हे नाव कामाचं होतं की माणसांचं, आणि ते शिवीसारखं कधीपासून वापरायला लागलो. त्या बोलण्यात आपल्या तोंडची वाक्यंही येऊ द्या. 'कैकाड्यासारखं भांडू नका' असं म्हणणारे शिक्षक मी पाहिले आहेत, आणि ते मनाने वाईट नव्हते.

रंगाचंही तसंच. राजकन्या गोरीगोमटी आणि चेटकीण काळीकुट्ट, हे मुलं पहिलीतच शिकतात. रंगपेटीतला फिकट गुलाबी खडू उचलून मुलं म्हणतात, "स्किन कलर दे." कोणाची स्किन? अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीने 1962 मध्येच त्या खडूचं 'मांसाच्या रंगाचा' हे नाव काढून 'पीच' केलं. आपल्या वर्गात तो शब्द अजून चालतो. मी मुलांना हात एकमेकांशेजारी ठेवायला लावते आणि तपकिरी, पिवळा, काळा मिसळून प्रत्येकाला आपला रंग तयार करायला सांगते. अर्धा तास जातो, खूप मजा येते, आणि नंतर माणसांची चित्रं बदलतात.

चित्रांविषयी जास्त सांगते, कारण लहान मूल आधी चित्र वाचतं. कोणत्याही आदिवासी पुस्तकाला वारली चित्रं चिकटवायची सवय आपल्या प्रकाशकांना लागली आहे. वारली लोक पालघर-डहाणूकडचे. आपल्या कोलाम पोराला ती त्रिकोणाची माणसं तितकीच परकी आहेत जितकी पुण्याच्या पोराला. आता गोंड चित्रं फार चालतात. तीही मध्य प्रदेशातल्या दिंडोरीकडच्या पाटणगढच्या परधान, म्हणजे गोंडांच्या गाथा गाणाऱ्या समाजातल्या कलावंतांची देणगी, गडचिरोलीच्या भिंतीवरची नाहीत. सुंदर आहेत, ठेवा, पण 'ही तुमची कला' असं गडचिरोलीतल्या माडिया आदिवासी मुलाला सांगू नका. मेळघाटात कोरकू माणसं मेलेल्याच्या स्मरणार्थ सागाच्या फळीवर घोडेस्वार आणि सूर्य-चंद्र कोरतात, त्याला मुंडा म्हणतात. हे मुलांच्या पुस्तकात यायला हवं.

आणि एक चूक आमचीच. काही वर्षांपूर्वी पोडावरच्या आजीबाईंनी सांगितलेली मोहफुलांची गोष्ट आम्ही पुस्तक करायला घेतली. चित्रकार शहरातला, हात उत्तम, मन लावून काम करणारा. त्याने काढलं ते असं: हिरवंगार, पानांनी भरलेलं झाड, खाली गवत, भर दुपारचं ऊन, आणि बाया हात वर करून फांदीवरची फुलं तोडताहेत. कच्ची प्रत घेऊन मी पोडावर गेले. मुलांनी पहिलं पान बघितलं आणि हसत सुटली. एकाने आजीला हाक मारली, तिने कागद हातात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाली, "हे आंबे तोडून राहिले काय?"

मोह कोणी तोडत नाही. मोह वेचतात. मार्च-एप्रिलात झाडाला पान नसतं. फुलं रात्री-पहाटे आपसूक गळतात, टप टप आवाज येतो. त्याआधी झाडाखालचा पालापाचोळा झाडून जाळून जमीन साफ केलेली असते, म्हणजे फूल काळ्या मातीवर लख्ख दिसतं. अंधारात टोपलं घेऊन निघायचं, गुरांच्या आणि रानातल्या जनावरांच्या आधी पोचायचं. लहान पोरं अर्धवट झोपेत आईच्या मागे. आमच्या चित्रात यातलं एकही नव्हतं: पहाट, काळी जमीन, उघड्या फांद्या, झोप, काहीच नाही. गोष्टीतले शब्द आजीचे होते आणि चित्रातली दुनिया दुसऱ्याच कोणाची. चित्रकाराला आम्ही मार्चमध्ये बोलावलं, दोन रात्री तो पोडावर राहिला, दुसऱ्या पहाटे स्वतः वेचायला गेला. नंतरची चित्रं बघून आजी काही बोलली नाही. एका चित्रातल्या टोपल्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे भरलं नाही अजून."

तुम्ही प्रकाशक नाही, पण विकत घेताना ही नजर ठेवू शकता. दुकानात उभ्या उभ्या एकच चित्र तपासा, जे काम तुम्हाला स्वतःला माहीत आहे. कापूस वेचणारी बाई ओटीत कापूस घेते की हातात परडी धरून फुलासारखा तोडते? निंदण वाकून चाललंय की बसून? तिथे चूक असेल तर तुम्हाला माहीत नसलेल्या जागीही ती असणार.

बौद्ध मुलांबद्दल कोणी फारसं बोलत नाही, म्हणून बोलते. विदर्भात 14 ऑक्टोबर 1956 नंतर घरंच्या घरं बदलली, हे आपण सगळे जाणतो. दसऱ्याला आईबापाचं बोट धरून नागपूरला दीक्षाभूमीवर गेलेली, गर्दीत चप्पल हरवलेली, रस्त्यावरच्या पंगतीत जेवून रात्रीच्या गाडीने परतलेली मुलं तुमच्या वर्गात आहेत. मराठी बालपुस्तकातल्या घरात मात्र तुळशीवृंदावन असतं, दिवाळीचा फराळ असतो. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो असलेलं घर चित्रात किती वेळा पाहिलंत? दलित मूल गोष्टीत आलंच तर अपमान सोसायला येतं, किंवा मग पुस्तक थेट बाबासाहेबांचं चरित्र असतं. चरित्रं हवीतच, अपमानाच्या खऱ्या गोष्टीही मोठ्या मुलांना सांगायला हव्यात. पण आठ वर्षांच्या मुलीला अशीही गोष्ट मिळाली पाहिजे ज्यात तिच्या घरची पोरगी शेळी हरवते, भावावर खोटा आळ घेते आणि रात्री झोप लागत नाही म्हणून उठून खरं सांगते. बाजूला भिंतीवर तो फोटो असेल, त्याबद्दल कोणी काही बोलणार नाही. हैदराबादच्या अन्वेषी या संस्थेने 2008 मध्ये तेलुगू, मल्याळम आणि इंग्रजीत अशा घरांतल्या मुलांच्या गोष्टींची मालिका काढली होती. मराठीत असं काम व्हावं ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

भाषेचं थोडक्यात. पाण्याला गोंडीत येर, कोलामीत ईर, कोरकूत डा. कोरकू तर वेगळ्याच भाषाकुळातली, संथालीच्या नात्यातली. 2011 च्या जनगणनेत देशभरात गोंडी बोलणारे जवळपास 30 लाख होते, कोरकू सव्वासात लाख, कोलामी सव्वा लाखावर. संथाली 2003 च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत, म्हणजे घटनेने मान्य केलेल्या भाषांच्या यादीत आली, गोंडी अजून नाही. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःच गोंडी शाळा सुरू केली, ती काही उगाच नाही. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच: पहिलीत आलेल्या कोलाम पोराला मराठी पुस्तक हे दुहेरी कोडं आहे, अक्षरही नवं आणि शब्दही नवा. दुभाषिक पुस्तक मिळालं तर सोनं. नाही मिळालं तर सोप्या मराठी पुस्तकाच्या प्रत्येक पानाखाली कोलामीतली ओळ देवनागरीत लिहून चिकटवा. ओळ मुलांच्या आया-आज्यांकडून घ्या. शब्दकोशातून घेऊ नका. मुलाला उभं करून "सांग, तुमच्या भाषेत काय म्हणतात" असं वर्गासमोर विचारू नका, त्याचा तमाशा होतो.

खरेदी. सगळे पैसे एका फेरीत खर्च करू नका, निम्मे ठेवा. पुस्तक हातात घेतल्याशिवाय घेऊ नका, संच तर मुळीच नको. संचात दोन चांगली आणि दहा भरीची असतात. तूलिकाची मराठी पुस्तकं बघा, ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं बघा, हिंदी चालत असेल तर भोपाळच्या एकलव्यची. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतंय आणि जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. त्यांत गावाकडच्या खूप गोष्टी सापडतील, निवडून छापून घ्या. प्रथम बुक्सने 2015 मध्ये स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ सुरू केलं. तिथल्या गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत, म्हणजे भाषांतर करून छापायला कोणाची परवानगी लागत नाही, फक्त मूळ लेखक-चित्रकारांची नावं द्यायची. तिथे गोंडी गोष्टीही आहेत. पण छत्तीसगडची गोंडी आणि तुमच्याकडची गोंडी यांत फरक आहे, म्हणून छापण्याआधी गावातल्या कोणाला तरी वाचून दाखवा. नागपूरला दसऱ्याला जाणारं कोणी असेल तर दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या दुकानांतून मुलांची चरित्रं आणायला सांगा.

आणि दूरदेशीची पुस्तकंही ठेवा. अमेरिकेत 1962 मध्ये एझ्रा जॅक कीट्स यांनी बर्फात खेळणाऱ्या एका कृष्णवर्णीय मुलाचं चित्रपुस्तक केलं. लाल कोट घातलेलं पोर, पहिला बर्फ, पायांचे ठसे, खिशात ठेवलेला आणि विरघळून गेलेला बर्फाचा गोळा. एवढंच. रंगाविषयी एक शब्द नाही. पुढच्या वर्षी त्याला तिथला चित्रपुस्तकांचा सगळ्यांत मोठा पुरस्कार मिळाला. मेळघाटातल्या मुलांना मी हे पुस्तक दाखवलं आहे. बर्फ कोणी पाहिलेला नव्हता, पण खिशातला गोळा गेल्याचं दुःख सगळ्यांना लगेच कळलं.

कीट्स स्वतः गोरे होते. तुमचा दुसरा प्रश्न इथे येतो. ते त्यांनी लिहावं का, यावर तिकडे तेव्हापासून वाद आहे. लॅरिक बाईंनीच त्यातल्या आईच्या चित्रावर टीका केली होती. माझं मत सांगते. तुम्ही कोलामांवर लिहू नका, तुमच्या वर्गातल्या मुलांसोबत लिहा. गोष्ट आजीची असेल तर पुस्तकावर नाव आजीचं, 'लोककथा' असं लिहून ते पुसू नका. सांगितलेलं सगळंच छापायचं नसतं. देवाच्या काही गोष्टी ठरावीक वेळी, ठरावीक माणसानेच सांगायच्या असतात. परधान किंगरी हे तंतुवाद्य वाजवत गातात त्यात कुळांचा सगळा इतिहास असतो, तो उचलून मुलांसाठी सोपा करून टाकायचा हक्क तुम्हाला-मला नाही. विचारा, आणि नको म्हणाले तर वही बंद करा. मेळघाटात होळीच्या सुमारास मेघनाथाची पूजा होते. त्याच मुलांच्या हातात आपण मेघनाथाला राक्षस म्हणणारं पुस्तक देतो. तिथे खरं-खोटं करायला जाऊ नका. "तुमच्या घरी ही गोष्ट कशी सांगतात?" एवढं विचारा आणि दोन्ही गोष्टी वर्गात राहू द्या.

लिहून झालं की ते वस्तीवर मोठ्याने वाचा. लोक जिथे हसतील किंवा एकमेकांकडे बघतील तिथे काहीतरी चुकलं आहे, ती जागा पेन्सिलीने खूण करा.

पुस्तक बनवायला काही लागत नाही. कोरे कागद मधोमध दुमडा, दुमडीवर तीन भोकं पाडा, गोणपाट शिवायच्या सुईने जाड दोरा घाला. एका पानावर दोन ओळी, वर चित्र. शुद्धलेखन शेवटी बघा. पोराने 'खेकडा चिमटा घेऊन राहिला' लिहिलं तर ते वऱ्हाडीतच राहू द्या. विषय तुम्ही देऊ नका, फक्त नाल्यावर घेऊन जा. प्रत्येक पुस्तकाच्या तीन प्रती करा: एक शाळेत, एक मूल घरी नेईल ती, एक तुमच्याकडे. घरी गेलेली प्रत परत मागू नका.

हे सगळं दिवाळीच्या आधी उरका. नंतर कापूस वेचणी जोरात येईल, तांड्यावरची काही कुटुंबं ऊसतोडीला जातील आणि वर्गात निम्मी मुलं राहतील. जाणाऱ्या मुलांच्या पिशवीत दोन-दोन पुस्तकं आधीच टाकून द्या आणि रजिस्टरला तशी नोंद करा, म्हणजे तपासणीला कोणी आलं तर तुम्हाला जाब द्यावा लागणार नाही.